रोम, दोन मुलं आणि नवऱ्याची एक्सेल शीट

प्रिय ताई,

मे अखेरीस आम्ही आठवडाभरासाठी रोमला जातोय. मी, नवरा, नऊ वर्षांची लेक, साडेतीन वर्षांचा लेक आणि सासूबाई. सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण उत्साह आमच्यापेक्षा दांडगा. नवऱ्याने एक्सेल शीट बनवली आहे. त्यात रोज चार-पाच ठिकाणं, आणि शेवटच्या रकान्यात ‘मुलांसाठी वेळ : ३० मिनिटं’. जर्मनीतली नणंद म्हणते, स्ट्रोलरशिवाय घराबाहेर पडू नका. मैत्रीण म्हणते, तिथल्या दगडी रस्त्यांवर स्ट्रोलर म्हणजे डोक्याला ताप. कुणी म्हणतं मेट्रोने फिरा, कुणी म्हणतं गाडी ठरवा, कुणी त्या उघड्या टपाच्या टूरिस्ट बसचा पास काढायला सांगतं. मुलांना घेऊन त्या शहरात फिरायचं तरी कसं? आणि खरं सांगू का, भीती रस्त्यांची नाही. पोरगा भर चौकात भोकाड पसरणार, लेक ‘बोअर’ म्हणून तोंड फुगवणार आणि आम्ही दोघं एकमेकांवर खेकसत राहणार, याची आहे.
– म., ठाणे

प्रिय म.,

तो ३० मिनिटांचा रकाना वाचून मी एकटीच हसत बसले. कारण अशीच शीट एके काळी आमच्याकडेही होती. फक्त ती वहीच्या मागच्या पानावर होती आणि ती मी बनवली होती.

माझा मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता. व्हॅटिकनला आम्ही तिकीट न काढता गेलो. आधी संग्रहालयाच्या भिंतीकडेची रांग, मग तपासणीची रांग, मग तिकिटाची, मग चर्चसाठी आणखी एक. दिवसभरात चाललो असू जेमतेम दोन-तीन किलोमीटर. उभे मात्र तीन तासांच्या वर. सिस्टीन चॅपेलमध्ये पोचलो तेव्हा तो जमिनीवर आडवा झाला आणि ‘मला घरी जायचंय, कल्याणच्या घरी’ म्हणून जो सुरू झाला, तो थांबेना. तिथे बोलायला बंदी आहे. पहारेकरी ‘शांत राहा’ म्हणून ओरडत होते आणि आमच्या चिरंजीवांचा आवाज त्यांच्या वर. वर मायकेलअँजेलोने काय रंगवलंय ते मी त्या दिवशी पाहिलंच नाही.

आणि गंमत बघ. त्याच संध्याकाळी नवोना चौकात हाच मुलगा तासभर कबुतरांमागे धावला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मुलं चालून थकत नाहीत, उभी राहून थकतात. तू मला वाहनांबद्दल विचारलं आहेस, पण माझं उत्तर या एका गोष्टीभोवतीच फिरणार आहे. नवऱ्याच्या शीटमध्ये एक नवा रकाना घाल : ‘इथे किती वेळ उभं राहावं लागेल?’ ज्या ओळीसमोर वीस मिनिटांच्या वर आकडा येईल, ती ओळ एक तर आगाऊ तिकीट काढून सोडवायची, नाहीतर खोडायची.

आता शहराकडे येऊ. नकाशावर रोम अवाढव्य दिसतं, पण तुम्हाला पाहायचा आहे तो जुना गाभा लहान आहे. नवोना चौकातून पँथिऑन या प्राचीन मंदिराला पाच मिनिटं, तिथून ट्रेव्हीच्या कारंज्याला दहा, ट्रेव्हीहून स्पॅनिश पायऱ्यांना आणखी दहा. मुलांच्या चालीने याचं दुप्पट धर. म्हणजे गाभ्यात फिरायला वाहन लागतच नाही. वाहन लागतं ते गाभ्यात पोचायला आणि दमल्यावर परत यायला. म्हणून सगळ्यात मोठा निर्णय मेट्रो की बस हा नाहीच. घर कुठे घ्यायचं हा आहे. हॉटेल अजून ठरलं नसेल तर प्राती भागात शोध. व्हॅटिकनच्या शेजारचा हा भाग १८७० नंतर, इटलीची राजधानी रोमला आल्यावर वसवला गेला. त्यामुळे रस्ते सरळ, फुटपाथ रुंद आणि सपाट. मेट्रोची ए लाईन तिथून जाते आणि नदी ओलांडली की पायी जुन्या शहरात. नवोनाजवळच्या गल्ल्यांत राहणं जास्त देखणं आहे, कबूल. पण तिथल्या शेकडो वर्षं जुन्या इमारतींत तीन मजले अरुंद जिन्याने सासूबाईंना चढवायचं, वर झोपलेलं पोर खांद्यावर! कुठेही घेतलंस तरी ‘लिफ्ट आहे का, आणि लिफ्टच्या आधी किती पायऱ्या आहेत’ हे मेसेजवर लेखी विचार. दुसरा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि तिथेच फसतात.

मेट्रोकडून फार अपेक्षा ठेवू नकोस. एवढ्या मोठ्या शहरात जेमतेम तीन लाईन आहेत. पहिली १९५५ साली सुरू झाली, दुसरी १९८० साली, आणि तिसरी अजूनही पुढे सरकतेच आहे. कारण सोपं आहे : रोममध्ये कुठेही खणा, काहीतरी सापडतं, आणि सापडलं की काम थांबतं. त्यामुळे पँथिऑन, नवोना, ट्रास्तेव्हेरे या भागांत मेट्रो पोचतच नाही. पण व्हॅटिकन, स्पॅनिश पायऱ्या आणि कोलोसियम यांच्यासाठी ती चांगली. ए आणि बी लाईन टर्मिनी स्टेशनवर एकमेकींना छेदतात. आपल्या दादरसारखंच, फक्त गर्दी दादरच्या पासंगालाही पुरत नाही. तिसऱ्या लाईनचं कोलोसियमजवळचं नवं स्टेशन डिसेंबर २०२५ मध्ये उघडलं. खणताना सापडलेल्या प्राचीन विहिरी आणि वस्तू तिथेच मांडून ठेवल्या आहेत. लेकीला ते स्टेशन नक्की दाखव. कोलोसियमइतकंच आवडेल, कदाचित जास्त. जुन्या स्टेशनांत मात्र लिफ्ट असेलच, आणि असली तर चालू असेलच, असं धरून चालू नका.

बसचं तिकीट आणि मेट्रोचं तिकीट एकच. साधं तिकीट दीड युरोचं, १०० मिनिटं चालतं. त्यात मेट्रोचा एक प्रवास आणि बस-ट्राम कितीही. दहा वर्षांखालची मुलं मोठ्यांबरोबर फुकट, म्हणजे तुझी दोन्ही. कागदी तिकीट घेतलं तर बसमध्ये चढल्याबरोबर मशीनमध्ये घालून त्यावर वेळेचा शिक्का उमटवायचा. नुसतं खिशात ठेवलं तर तिकीट असूनही दंड होतो. त्यापेक्षा बँकेचं कार्ड टेकवून जाणं सोपं. पण दोन गोष्टी इथूनच करून ठेव. एक, आपल्याकडच्या कार्डांवर परदेशातला व्यवहार आणि टॅप करून पैसे देणं या दोन्ही सोयी बऱ्याचदा बंद असतात, त्या बँकेच्या अॅपमध्ये जाऊन चालू कर. दोन, एका कार्डावर एकच प्रवासी. तुम्ही तिघं मोठे, म्हणजे तीन वेगवेगळी कार्डं. सासूबाईंना कार्ड टेकवायला आधीच शिकवून ठेव. एकदा जमलं की त्या दर वेळी सगळ्यांच्या पुढे जाऊन टेकवतील.

टर्मिनीहून व्हॅटिकनकडे जाणारी ६४ नंबरची बस पाकीटमारांसाठी जुनी प्रसिद्ध आहे. मुलं सांभाळताना आईचं लक्ष पर्सवर नसतं, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. पासपोर्ट आणि मोठी रक्कम आतल्या खिशात ठेवा आणि फार भरलेली बस आली तर सोडून द्या. अजून एक इटालियन शब्द पाठ कर : ‘शोपेरो’, म्हणजे संप. बस-मेट्रोचा संप तिथे अधूनमधून होतो, बहुधा शुक्रवारी, आणि आधी जाहीर करून. त्या दिवशीही सकाळी साडेआठपर्यंत आणि संध्याकाळी पाच ते आठ सेवा चालू ठेवतात. हॉटेलवाल्याला आदल्या रात्री विचारलं तरी पुरतं. संपाचा दिवस पायी फिरायचा दिवस.

आता स्ट्रोलर. तुझी नणंदही बरोबर आणि मैत्रीणही. रोमच्या गल्ल्यांत जे काळे, हाताच्या पंज्याएवढे दगड बसवलेले असतात त्यांना ‘सांपिएत्रिनी’ म्हणतात. ते दिसतात सुंदर, पण त्यांच्या फटींत छोटी चाकं अडकतात आणि पोराचे दात वाजतात. नणंदेच्या जर्मन फुटपाथवर चालणारी भारी गाडी इथे नको. पण काहीच न नेणंही चूक. साडेतीन वर्षांचं पोर पंधरा किलोचं असतं, आणि झोपलेलं पोर पंचवीस किलोचं. हलकी, छत्रीसारखी मिटणारी, हरवली तरी वाईट वाटणार नाही अशी स्वस्तातली घे. आणि ती वाहन म्हणून वापरू नकोस, खुर्ची म्हणून वापर. रांग आली की उघड, गल्ली आली की मिटून नवऱ्याच्या खांद्याला लटकव.

उघड्या टपाच्या बसला माझा विरोध आहे. जिथे मजा आहे त्या गल्ल्यांत ती शिरत नाही, थांब्यावर वाट बघत उभं राहावं लागतं, आणि दुपारी वरच्या मजल्यावर पोरं भाजून निघतात. सासूबाईंची फारच हौस असेल तर एखाद्या संध्याकाळी न उतरता एक फेरी मारा, संपलं. गाडीचं म्हणशील, तर जुन्या शहराचा बराचसा भाग बाहेरच्या गाड्यांना ठरावीक वेळी बंद असतो. नाक्यांवर कॅमेरे असतात आणि भाड्याच्या गाडीने चुकून आत शिरलात तर काही महिन्यांनी ठाण्याच्या पत्त्यावर दंडाची नोटीस येते. गाडी एकदाच ठरव, विमानतळावरून घरी यायला. तिथून टर्मिनीला ३२ मिनिटांत पोचवणारी थेट ट्रेन आहे आणि ती उत्तम आहे. पण रात्रभराच्या प्रवासानंतर पाच माणसं, चार बॅगा आणि एक झोपलेलं पोर घेऊन टर्मिनीवर पुन्हा वाहन बदलायचं, हे मी तरी करणार नाही. साध्या टॅक्सीत पाच जण बसत नाहीत. मोठी गाडी आधी ठरव आणि मुलासाठी सीट हवी असेल तर तेव्हाच सांग.

शीटमधले दिवस आता नव्याने मांडू. मे अखेरीस रोममध्ये सूर्य मावळतो रात्री साडेआठच्या सुमारास. ही तुमच्या हातातली सगळ्यात मोठी गोष्ट आहे आणि बहुतेक आपली माणसं ती वाया घालवतात. सकाळी दहाला बाहेर पडून सहाला थकून परत, हा हिशोब मोडून टाक. सकाळी आठला बाहेर. एक मोठी गोष्ट, एकच. साडेबारापर्यंत जेवून घरी. धाकटा आणि आजी झोपतील, नवराही झोपेल बघ. साडेचार-पाचला पुन्हा बाहेर, आणि मग नऊपर्यंत नुसतं भटकायचं. संध्याकाळचं रोम चौकांत असतं आणि चौकांत रांगा नसतात.

फक्त पोटाचं गणित सांभाळ. तिथली खाणावळ संध्याकाळी साडेसात-आठच्या आत उघडत नाही आणि आपल्या पोरांना सहाला भूक लागते. त्या वेळेसाठी ‘पिझ्झा अल तालियो’ची दुकानं आहेत. मोठ्या ट्रेमधून हवा तेवढा तुकडा कात्रीने कापून वजनावर देतात. बटाट्याचा पिझ्झा मागा, आपल्या जिभेला लगेच पटतो. शाकाहारी असाल तर ‘सुप्ली’ नावाचे भाताचे तळलेले गोळे साबुदाणावड्यासारखे निरागस दिसतात, पण त्यात बहुधा मांसाचा रस्सा असतो. विचारून घ्या. सासूबाई कडक पाळत असतील तर हेही माहीत असू दे की तिथलं पेकोरिनो चीज प्राण्यांपासून काढलेलं विरजण घालून करतात. सांगायचं की नाही ते तूच ठरव. पाण्याची बाटली मात्र विकत घेऊ नका. शहरभर सुमारे अडीच हजार सार्वजनिक नळ आहेत, ओतीव लोखंडाचे, वाकड्या तोटीचे. लोक त्यांना ‘नाझोनी’ म्हणतात, म्हणजे मोठ्या नाकाचे. पाणी गार आणि पिण्याजोगं. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या बारीक भोकातून पाण्याची धार उडते आणि वाकून थेट पिता येतं. हे धाकट्याला एकदा दाखव. मग एका नळापासून पुढच्या नळापर्यंत तो स्वतःहून चालेल.

लेकीचा ‘बोअर’ मला जास्त गंभीर वाटतो, कारण नऊ वर्षांच्या मुलीला सगळं कळत असतं आणि कुणी तिला काही विचारत नाही. तिला काम दे. रोममध्ये प्राचीन ओबेलिस्क, म्हणजे उंच टोकदार दगडी स्तंभ, तेरा आहेत, इजिप्तहून आणलेले आणि त्यांच्या नकलेचे. किती सापडतात ते वहीत नोंदवायला सांग. त्यातला एक पँथिऑनच्या मागे छोट्या हत्तीच्या पाठीवर उभा आहे. हत्ती घडवणाऱ्याने फारसे हत्ती पाहिले नसावेत असं आपल्याला वाटतं, पण आहे गोड. गटारांच्या झाकणांवर आणि त्या नळांवर चार लॅटिन अक्षरं कोरलेली असतात, एस-पी-क्यू-आर, ‘रोमची सिनेट आणि जनता’. दोन हजार वर्षांपूर्वीची मोहर आज गटाराच्या झाकणावर, हे तिला सांगितलंस तर पुढचा आठवडाभर ती खाली बघून चालेल. नवोना चौकातल्या मोठ्या कारंज्यावर चार नद्यांचे चार पुरुष आहेत. शिल्पकार बेर्नीनीने १६५१ मध्ये ते पूर्ण केलं. चारांतली एक नदी गंगा आहे, हातात वल्हं घेतलेली. ती ओळखायला लाव. आणि एकाने डोकं कापडाने का झाकलंय ते विचार. तो नाईल. त्या नदीचा उगम तेव्हा युरोपला माहीत नव्हता. तो चौक लांबट का, तर पहिल्या शतकात डोमिशियन बादशहाने तिथे धावण्याच्या शर्यतींसाठी स्टेडियम बांधलं होतं. धाकट्याला तिथे मोकळं सोड, जागा त्याच कामासाठी आहे.

मोठ्या ठिकाणांत कोलोसियम सोडू नका, पण तिकीट अधिकृत साईटवरून, साधारण महिनाभर आधी विक्री सुरू होताच काढ आणि सकाळची पहिली वेळ घे. अठरा वर्षांखालच्यांना प्रवेश फुकट असला तरी त्यांचंही शून्य किमतीचं तिकीट काढावं लागतं. इथे पुष्कळ आई-बाप अडकतात. तिकिटावर नावं असतात, म्हणून ओळखपत्रं जवळ ठेवा. आत गेल्यावर मुलांना इतिहास ऐकवू नकोस. तळघराकडे बोट दाखव आणि सांग की माणसांनी चक्रं फिरवून इथून लिफ्टने सिंह वर आणायचे. बास. त्याच तिकिटात रोमन फोरमही आहे, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकाचे अवशेष, पण मी मुलांना तिथे नेणार नाही. सावली नाही, दगड उंचसखल, आणि साडेतीन वर्षांच्या डोळ्यांना ते नुसते पडके खांब. कॅपिटोलिन टेकडीच्या मागच्या कठड्यावरून संध्याकाळी सगळं फोरम खाली पसरलेलं फुकट दिसतं. तेवढं पुरे.

पँथिऑनला २०२३ पासून तिकीट आहे, लहानांना फुकट. घुमटाचा व्यास ४३ मीटरच्या वर आणि मधोमध नऊ मीटरचं उघडं भोक. पाऊस सरळ आत पडतो. मग पाणी जातं कुठे? मुलांना जमिनीवरची छोटी भोकं शोधायला लाव. जवळच सांतिन्याझिओ नावाचं चर्च आहे. आत जमिनीवर एक गोल खूण आहे, तिच्यावर उभं राहून वर पाहिलं की भव्य घुमट दिसतो. चार पावलं पुढे गेलं की कळतं घुमट नाहीच, सपाट छतावर १६८५ साली रंगवलेलं चित्र आहे! हे पाहून माझी भाची मागे-पुढे, मागे-पुढे दहा वेळा चालली होती. रोममध्ये नऊशेच्या वर चर्च आहेत, बहुतेकांत प्रवेश फुकट, आत गारवा आणि बसायला बाकं. सासूबाईंचे गुडघे बोलायला लागले की जवळचं चर्च गाठायचं. दुपारी बरीचशी बंद असतात, पण तेव्हा तुम्ही घरीच असाल. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, हे लेकीचे कपडे भरताना लक्षात ठेव.

व्हॅटिकन संग्रहालयाबद्दल माझं मत पक्षपाती आहे, का ते तुला कळलंच. धाकट्याला नेऊ नकोस. नवरा आणि लेक यांनी आगाऊ तिकीट काढून जावं. तू, आजी आणि धाकटा त्या सकाळी व्हिला बोर्गेझे बागेत जा. तिथे तळ्यात वल्ह्याच्या होड्या मिळतात, पायडल मारायच्या चारचाकी मिळतात आणि प्राणिसंग्रहालयही आहे. सेंट पीटर्सचं मोठं चर्च सगळ्यांनी एकत्र पाहा, पण सकाळी सातला उघडतं तेव्हाच. नऊनंतर तपासणीची रांग चौकाला वळसा घालते. बुधवारी पोपच्या दर्शनाची गर्दी असते, तो दिवस टाळा.

आणि हेच तुझ्या खऱ्या भीतीचं उत्तरही आहे. पाच माणसांनी सात दिवस सतत एकत्र फिरायचं, हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय? रोज दोन-तीन तास फुटा. एक दिवस नवरा एकटा फोरममध्ये मनसोक्त भटकू दे, शीटचं सार्थक होईल. एक संध्याकाळ तू एकटी जा. आम्ही खेकसलो ते नेहमी एकाच वेळी : कुणीतरी नकाशा बघत उभं, कुणीतरी पोर धरून उभं, आणि कुठे जायचं ते ठरत नाही. म्हणून रस्ता घरूनच बघून निघा आणि त्या दिवसाचा वाटाड्या एकच. दुसऱ्याने मध्ये बोलायचं नाही, चुकला तरी. रोममध्ये चुकलेली गल्ली कुठल्या तरी कारंज्यापाशीच निघते. पोरगा भोकाड पसरलाच तर पसरू दे. मला तरी तिथे कुणी आठ्या घालून बघितलं नाही. उलट एका म्हाताऱ्या फळवाल्याने न मागता हातात जर्दाळू ठेवला होता. दोन्ही मुलांच्या मनगटावर तुझा फोन नंबर पेनने लिहून ठेव. तिथला आणीबाणीचा नंबर ११२.

बाथरूमचं तू विचारलं नाहीस, पण सासूबाई विचारतील. इटलीत घरोघरी बिडे, म्हणजे पाण्याने धुवायचं बसकं भांडं, असतो, १९७५ पासून कायद्यानेच. म्हणजे युरोपात असूनही पाण्याची सोय आहे, निदान घरात. बाहेर असताना कुठल्याही बारमध्ये, म्हणजे तिथल्या कॉफीच्या दुकानात, उभ्याने एक कॉफी घ्यायची आणि टॉयलेट वापरायचं. टिश्यू जवळ ठेव.

शहराचा कंटाळा आला तर एक दिवस ओस्तिया आंतिका. पिरामिदे मेट्रो स्टेशनला लागून उपनगरी गाडी सुटते, त्याच दीड युरोच्या तिकिटात. रोमचं हे जुनं बंदर पाँपेई या प्राचीन शहरासारखं अख्खं गाव आहे, पण गर्दी फार कमी. मुलं रस्त्यांवरून धावतात, नाट्यगृहाच्या पायऱ्या चढतात, आणि एका ओळीत शेजारी-शेजारी बसायचे दगडी सार्वजनिक संडास पाहून दोघंही तासभर हसत राहतील. सोमवारी बंद असतं.

तुमच्या आठवड्यात २ जून येत असेल तर तो इटलीचा प्रजासत्ताक दिन. कोलोसियमसमोरच्या रस्त्यावर संचलन असतं, आसपासचे रस्ते बंद आणि बसचे मार्ग बदललेले. त्या सकाळी तिकडे काही ठरवू नका. पण आकाशाकडे बघा, विमानं हिरव्या-पांढऱ्या-लाल धुराचे पट्टे ओढत जातात.

आणि एक सकाळ जानिकोलो टेकडीसाठी. १८४७ मध्ये पोप नववा पायस याने शहरातल्या सगळ्या चर्चच्या घंटा एकाच वेळी वाजाव्यात म्हणून दुपारी बाराला तोफ उडवायची प्रथा सुरू केली. १९०४ पासून ती या टेकडीवरून उडते. वर जायला बस आहे, चढत बसू नका. तिथे आनिताचा, म्हणजे इटलीच्या एकीकरणासाठी लढलेल्या गारिबाल्दीच्या बायकोचा, पुतळा आहे : उधळलेला घोडा, एका हातात पिस्तूल, दुसऱ्या हाताने छातीशी धरलेलं तान्हं बाळ. आपल्याला लगेच झाशीची राणी आठवते, फक्त हिचं पोर पुढे आहे. तिच्यासमोर तुझा फोटो काढायला लाव, धाकट्याला कडेवर घेऊन. मग पावणेबाराला कठड्यापाशी या, आणि तोफ उडायच्या आधी त्याचे कान झाक. आम्ही झाकले नव्हते.

तुझी,
ताई